कार्ड तुझ्या पर्समध्ये राहिलं

सावेडी, अहिल्यानगर
(हात अजून ‘नगर’च लिहायला जातो)
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

निवेदिता हिस,

आशीर्वाद. ‘चिरंजीव’ मुद्दाम लिहिलेलं नाही. अडुसष्ट वर्षांची धाकटी बहीण रागारागाने रिक्षातून मध्येच उतरून गेली तर तिला काय मायना लिहायचा, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. तुझं सगळं ठीक असेलच. इकडे मी उत्तम आहे.

कामाचं तेवढं लिहिते. माझ्या पेसमेकरचं कार्ड तुझ्या काळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. दीड वर्षापूर्वी, जुलैमध्ये, आपण दवाखान्यातून निघालो तेव्हा तू ते स्वतःकडे ठेवलंस आणि स्टँडपाशी रिक्षा थांबवून शेवगावच्या एसटीत जाऊन बसलीस. त्या कार्डावर माझं नाव आहे, यंत्राचा नंबर आहे, बसवल्याची तारीख आहे. तुला त्याचा काडीचा उपयोग नाही. पोस्टाने पाठव. घाई नाही.

कार्डाशिवाय मी तपासणीला कशी जाणार? दर सहा महिन्यांनी जायचंच, हे तू मला जितक्यांदा ऐकवलंस तितक्यांदा मी पोरींना पाढेसुद्धा म्हणायला लावले नसतील. आता तीन खेपा हुकल्या. दोष कुणाचा ते लिहीत नाही. भांडायला पत्र लिहिलेलं नाही.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. तर मोबाईल यंत्रापासून लांब ठेवायचा असतो. मी तो चपलांच्या कपाटात ठेवला आहे. वरदचा बंगळुरूहून रविवारी फोन येतो तेव्हा कडूबाई भांडी टाकून येते आणि फोन हातभर लांब धरून उभी राहते. मी तिथूनच ओरडते, “मी बरी आहे, तू जेवलास का?” आणि ती बंद करते. त्याला वाटतं आई कामात आहे.

तब्येतीचं तू विचारलं नाहीस तरी सांगते. रोज सकाळी चहाआधी मनगट धरून नाडी मोजते, ती सवय तूच लावलीस. हे यंत्र साठाच्या खाली जाऊच देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ना? तर दिवाळीनंतर माझी नाडी अट्ठेचाळीस भरायला लागली. यंत्र परदेशातलं, ते चुकणार नाही. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, मी चुकणार नाही. राहिलं भिंतीवरचं घड्याळ. ते मिनिट लवकर संपवतंय, उघडच आहे. मी त्याचा सेल बदलला. तरी अट्ठेचाळीसच. मग कागदावर त्रैराशिक मांडलं. या हिशेबाने घड्याळ दिवसाला सहा तास पुढे पळायला हवं. ते पळत नाही. सातच्या बातम्या सातलाच लागतात. हे कोडं काही सुटलेलं नाही, पण घड्याळ दुरुस्तीला टाकणार आहे.

बाकी किरकोळ म्हणजे उचकी. पंधरा दिवस झाले, येते, थांबते, पुन्हा येते. पोटात वरच्या बाजूला टकटक उडतं. पाणी प्यायले, साखर खाल्ली, श्वास कोंडून बसले, काही उपयोग नाही. कडूबाई म्हणाली, “कुनीतरी लई आठवन काढतंय बाई. एकेकाचं नाव घ्या. ज्याच्या नावावर थांबंल, त्यो.”

मी हसण्यावारी नेलं. पण काय गं, माणूस मनातल्या मनात घेतोच की नावं. वरद? नाही. सूनबाई? मुळीच नाही. ह्यांचं नाव घेतलं तर उचकी उलट वाढली, जिवंतपणी हे असंच करायचे. आमच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंचंसुद्धा घेतलं, इतकी वेळ आली. कडूबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, “आन् धाकल्या बाई?” मी तिकडे मान वळवून म्हटलं, “निवेदिता कशाला काढेल माझी आठवण?” आणि उचकी थांबली.

मी काही म्हणत नाही. फक्त कळवते आहे.

संक्रांत तोंडावर आली. गोड बोलण्याविषयी मी तुला काही सांगावं, असं आपलं राहिलेलं नाही. कार्ड तेवढं पाठव.

श्रीमती सुचित्रा नृसिंह खिस्ती
(निवृत्त पर्यवेक्षिका)


सावेडी
सोमवार, २० जानेवारी २०२५

निवेदिता,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला लागू नयेत.

अकरा दिवस झाले. कार्ड नाही, पत्र नाही. शेवगाव काय लंडनला आहे? आणि उचकी मात्र दिवसातून दहादा. माझी एवढी आठवण काढायला तुला वेळ आहे आणि एक पाकीट पेटीत टाकायला नाही, याला काय म्हणावं?

नाही म्हणू नकोस. मी खात्री करून घेतली आहे. कोचावर बसायचं, डाव्या हाताला तुझी वेताची खुर्ची आहे तिच्याकडे वळायचं आणि ‘निवेदिता’ म्हणायचं. दहातल्या सात वेळा थांबते. वहीत लिहून ठेवलंय. दहात सात म्हणजे योगायोग नव्हे. खुर्ची अजून तिथेच आहे कारण उचलायला मला सवड झाली नाही, दुसरं काही मनात आणू नकोस.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. कापडबाजारातल्या घड्याळजीने चार दिवस ठेवून परत दिलं. म्हणतो, “बाई, एक सेकंद पुढं नाही, एक सेकंद मागं नाही.” मी म्हटलं, “अहो, मिनिटात अट्ठेचाळीसच भरतात.” तो म्हणाला, “काय भरतात?” मी म्हटलं, ते तुम्हाला नाही कळायचं. तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, रिक्षा बोलावून दिली. माणूस सभ्य आहे, पण धंद्यातलं त्याला कळत नाही. आज चव्वेचाळीस भरले.

नव्या चपलाही फसव्या निघाल्या. सकाळी नीट बसतात, संध्याकाळी पाय आत जात नाही. कडूबाईचं म्हणणं, “चप्पल न्हाई आखूड झाली बाई, पाय सुजलेत.” तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

जिन्याचं म्हणशील तर मी रोज खाली जाते आणि वर येते. पहिल्या मजल्यावर सोसायटीचा फलक आहे, तिथे थांबून तो पुरता वाचते. पाणी सोडण्याच्या वेळा, गाड्या कुठे लावू नयेत, गच्चीची किल्ली कुणाकडे, सगळं पाठ झालंय. बाकी कुणाला इमारतीच्या कारभारात इतकं लक्ष घालायला नको.

शुक्रवारी सोसायटीचं हळदीकुंकू होतं. नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवायचंच, हा ठराव गेल्या वर्षी मीच भांडून मंजूर करून घेतलाय, तेव्हा मला जाणं भाग. दोन शब्द बोला म्हणाल्या. उठले, ‘भगिनींनो’ म्हटलं आणि डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. हातातलं तिळगुळाचं ताट थेट खजिनदारबाईंच्या पैठणीवर. भाषण एका शब्दात आटोपल्याबद्दल टाळ्या मात्र चांगल्या पडल्या. संकष्टी होती, पोटात काही नव्हतं, त्यामुळे झालं. तुला लगेच काहीबाही वाटायला नको.

त्याच्या आदल्या दिवशी मोरीत साबण हातातून निसटला, तो शोधण्यात बराच वेळ गेला. बाकी विशेष नाही.

हां, एक आहे. त्या दिवशी रिक्षात मीही काहीतरी बोलले असेन. पण आधी कोण बोललं? डॉक्टर मला विचारत होते, “कसं वाटतंय?” मी म्हटलं, उत्तम. तू मागून म्हणालीस, “खोटं सांगते, जिन्यात थांबते.” शाळेत चहाडी करणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करत असे. गुडघे दुखत होते माझे तेव्हा. त्यानंतर मी जे काय बोलले ते आता नेमकं आठवत नाही. तुला आठवत असेल तर तू विसरलेलं बरं.

कार्ड रजिस्टरने पाठवलंस तरी चालेल. किंवा कुणी नगरला येणार असेल तर त्याच्या हाती दे. किंवा कसंही.

सुचित्रा


धाकल्या बाईंना कडूबाईचा नमस्कार.

ही चिठ्ठी माझी सून पूजा लिवतीय, मी सांगतीय. बाईंनी पत्र पेटीत टाकाया दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं न्हाई, मला येत न्हाई. पूजानं वाचलं.

त्यात साबनाचं लिवलंय ते खोटं हाय. बाई मोरीत पडल्या हुत्या. मी दार बडवलं, लई हाका मारल्या, तवा आतनं म्हनल्या, ओरडू नकोस, साबण शोधतेय. साबन खिडकीत हुता. कपाळाला ह्ये एवढं टेंगूळ आलंय, पदर वढून घेत्यात.

दम लागतोय. बोलता बोलता मधीच गप व्हत्यात आन् भिताडाकडं बघत्यात. वरददादाला सांगते म्हनलं तर कामावरनं काढीन म्हनल्या. काढू द्या. तुमची खुर्ची मातर रोज पुसाया लावत्यात.

पूजानं मोबाईलात बघितलं. ती म्हनती, यंतराची तार हलली तरी बी उचकी लागती. मला त्यातलं काय कळत न्हाई. आठवन बी खरी आसंल आन् तार बी खरी आसंल.

तुमी कार्ड पाठवू नका. घेऊन या.

कडूबाई
(अंगठा पूजाच्या देखत दिला हाय)


सावेडी
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय निवू,

पोचलीस ना नीट? काल तू मला स्टँडवर येऊ दिलं नाहीस म्हणून गॅलरीतून हात हलवला. उजवाच हलवला, डावा अजून वर करायचा नाही हे लक्षात आहे. तू मागे वळून बघितलं नाहीस, पण कोपऱ्यावर पिशवी खाली ठेवून नाक पुसलंस ते मला दिसलं. चष्मा नवा आहे माझा.

आता तू शेवगावभर माझी फजिती तिखटमीठ लावून सांगणार. म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. डॉक्टरांनी ते वाटोळं यंत्र माझ्या छातीवर टेकवलं, समोरच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, तार जागची सरकली आहे. हृदयाला द्यायचा झटका कधी पोचतो, कधी पोचत नाही, आणि छातीखालच्या पडद्याला मात्र बसतो. उचकी त्याचीच. मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

“नाडी कमी लागत नव्हती?”

“घड्याळ बिघडलं होतं.”

“पाय सुजले?”

“चपला.”

“चक्कर?”

“उपवास.”

“आणि महिनाभर उचकी लागते आहे, तरी आला नाहीत?”

तेव्हा तू मागून म्हणालीस, “तिला वाटलं, मी आठवण काढते आहे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, “आजी, यातलं एखादं आलं तर समजू शकतो. पण पेसमेकर असलेल्या माणसाला चक्कर, दम, सूज, नाडी कमी, यातलं काहीही झालं की आधी यंत्र तपासायचं. घड्याळ नंतर.” मग जड काय उचललं होतं विचारलं, आणि मला दिवाळीतलं ते पितळी पातेलं कबूल करावं लागलं. डाव्या हाताने ओढलं मी माळ्यावरून. पूर्वी दर वर्षी तू काढून द्यायचीस.

दहातल्या सात वेळांचा उलगडाही त्यांनीच केला. अंग डावीकडे वळलं की तार जरा बाजूला होत असावी म्हणे. तुझी खुर्ची डावीकडे. झालं! माझं सगळं संशोधन पाण्यात. टीव्ही डावीकडे असता तर बातम्या देणारी बाई माझी आठवण काढते असं मी वहीत लिहिलं असतं.

तार पुन्हा जागेवर बसवल्यावर आज सकाळी नाडी बासष्ट भरली. त्याच घड्याळावर. घड्याळजीला तिळगूळ द्यायचा राहिला आहे, तो आता माफीसकट देईन. कडूबाईला काढलेलं नाही. मी विषय काढला तर म्हणाली, “काढा की. मोरीचं दार कोन बडवंल मग?” तिच्यापुढे बोलायची सोय राहिली नाही.

निवू, तू तीन आठवडे इथे होतीस आणि जे बोलायचं ते मी एकदाही बोलले नाही. तू समोर येऊन बसलीस की मला वरणात मीठ कमी आहे एवढंच सुचतं. म्हणून लिहिते. वाचून झालं की फाडून टाक, किंवा नको टाकूस.

मोबाईलचं सोंग होतं. हातभर लांब ठेवला की पुरतो, हे मला चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. दोन वाक्यं बोलले की दम लागायचा आणि तू तो ऐकला असतास. पत्रात दम ऐकू येत नाही. वाक्य अर्धं टाकून पाणी पिऊन आलं, जरा आडवं झालं, तरी वाचणाऱ्याला काही कळत नाही. पहिलं पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.

आणि मोरीत पडले तेव्हा मला कळलं होतं. घड्याळ नाही, चपला नाही, हे माझंच काहीतरी बिघडलंय हे त्या थंड फरशीवर नीट कळलं. कडूबाई दार बडवत होती आणि मी भिंतीच्या फरशा मोजत होते, कारण मोजलं की मला धीर येतो. खूप घाबरले गं. वरदचा विचार नंतर आला, तुला म्हणून सांगते. आधी हेच आलं मनात की आता मेले तर निवूच्या लेखी मी ते वाक्य बोलून मेलेली बाई राहीन.

ते वाक्य मला आठवतंय. पहिल्या पत्रात मी ते गाळलं आणि दुसऱ्यात ‘काहीतरी’ असं लिहिलं. मी म्हणाले होते, “तुझा नवरा गेला, सेवा करायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून माझं दुखणं धरून बसली आहेस.” रिक्षावाल्यानेसुद्धा आरशातून माझ्याकडे बघितलं. तू एवढंच म्हणालीस, “थांबवा.” मी तुला हाक मारायला हवी होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “चला, सावेडी.”

खरं तर धरून मीच बसले होते. दर सहा महिन्यांनी तू यायचीस, डब्यात धपाटे असायचे, दवाखान्यात माझ्या आधी माझा नंबर विचारायचीस. मी त्या तपासणीची वाट बघायची. हे कुणाला दिसू नये म्हणून मी तुझ्यावर फणकारायची, आणि त्या दिवशी तू डॉक्टरांसमोर मला उघडं पाडलंस तेव्हा जे हाताला लागलं ते फेकून मारलं. चुकले मी. मी मोठी बहीण आहे म्हणून तू सोडून देऊ नकोस. माझं चुकलं हे मान्य कर आणि मग माफ कर.

माझं पहिलं पत्र वाचून तू “मरू दे” म्हणालीस, हे तू आपणहून सांगितलंस, बरं केलंस. आपण फिटंफिट.

राहिलं कार्ड. निवू, ते लागत नाही. गेल्या वर्षी जानेवारीतच मी दवाखान्यात फोन करून विचारलं होतं. तिथली मुलगी म्हणाली, “आजी, तुमची सगळी माहिती आमच्याकडे आहे, तुम्ही नुसत्या या.” नुसतं जायचं मला जमलं नाही. आधी वाटलं, तूच येशील. मग वाटलं, कार्ड मागितलं तर येशील. मग उचकी लागली आणि मी खुळ्यासारखी खूष झाले.

आता उचकी येत नाही. बरं झालं, पण तुझ्याकडचं काही कळायचा तो एक मार्ग होता तोही बंद झाला. मोबाईल चपलांच्या कपाटातून बाहेर आणला आहे. काल रात्री पुसून उशाशी ठेवला, उजवीकडे, हातभर लांब. वाजला तर ऐकू येतो.

काल तू जाताना कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवून गेलीस. इतकं नीट, सरळ ठेवलंस की मला धस्स झालं. ते या पत्रासोबत परत पाठवते आहे. काळ्या पर्सच्या त्याच आतल्या कप्प्यात ठेव. पुढची तपासणी मार्चअखेर आहे, मग सहा महिन्यांनी, मग पुन्हा सहा महिन्यांनी. दर वेळी ते घेऊन ये, आणि मी कितीही भांडून मागितलं तरी माझ्या हातात देऊ नकोस.

तुझी,
अक्का